लेबलावरचं साल आणि मालकाचं गाव

अ‍ॅस्पल सायडरच्या बाटलीवर १७२८ हे साल छापलेलं असतं. त्यात खोटं काही नाही. त्या वर्षी क्लेमंट शेवालिए नावाच्या गृहस्थानं सफक काउंटीतल्या अ‍ॅस्पल हॉल या आपल्या वाड्यावर सफरचंदाचा रस आंबवून पहिल्यांदा सायडर केलं. माणूस मूळचा जर्सी बेटावरचा. वाडा वारशानं मिळालेला, पण भोवतालच्या शेतकऱ्यांना सायडरचं फारसं कौतुक नव्हतं. हा मुलूख बिअरचा. तरी त्यानं सफरचंदाच्या बागा लावल्या आणि फळं भरडायला ग्रॅनाइटचा जड घाणा समुद्रापलीकडून आणवला. त्यानंतर त्याच घराण्यानं, त्याच वाड्यात, आठ पिढ्या हा धंदा केला. जानेवारी २०१८मध्ये आठव्या पिढीनं तो मोल्सन कूर्स या अमेरिकी-कॅनडी बिअर कंपनीला विकला. बाटली तीच राहिली, 'सायडर'च्या स्पेलिंगमधला जुन्या वळणाचा 'वाय'ही राहिला, आणि साल तर काय, ते कुणाच्या बापाचं नाही.

इंग्लंडच्या ग्रामीण भागातल्या घरगुती धंद्यांवर लिहिणारे बहुतेक लोक बाटलीच्या दर्शनी बाजूवरच थांबतात. जुनं साल, विटांची भिंत, आजोबांचा फोटो. एखादा धंदा 'इथला' आणि 'घरचा' आहे म्हणजे नेमकं काय? नाव इथलं, कच्चा माल इथला, कामगार इथले, की विकायचं की नाही हे ठरवणारा माणूस इथला? सफकवर वाचत गेलो तसा मी या शेवटच्या प्रश्नाशी येऊन थांबलो. बाकीच्या गोष्टी जाहिरातीतही भागतात.

सफक लंडनच्या ईशान्येला, उत्तर समुद्राला लागून आहे. आकारानं गोव्यापेक्षा जेमतेम मोठा, वस्ती साडेसात लाखांच्या आसपास, म्हणजे गोव्याच्या निम्मी. संबंध काउंटीत एक मोटरवे नाही आणि 'सिटी' असा दर्जा असलेलं एकही ठिकाण नाही. इप्सविच एवढं मोठं, पण कागदोपत्री ते 'टाउन'च. जमीन सपाट, पाऊस बेताचा, पीक मुख्यतः गहू आणि सातू. या सातूवर सफकचा निम्मा इतिहास उभा आहे. सातू भिजवायचं, मोड आणायचे आणि योग्य वेळी वाळवून मोडांची वाढ थांबवायची, की माल्ट तयार. नाचणीचं सत्त्व करणाऱ्या घरात ही प्रक्रिया निराळी समजावून सांगायला नको. माल्टवर बिअर. अ‍ॅस्पलच्याच रेव्हरंड जॉन शेवालिए यांनी १८२०च्या दशकात डेबनम गावातल्या एका मजुराच्या परसात सापडलेल्या सातूचं बी वाढवलं. पुढं 'शेवालिए बार्ली' या नावानं हे वाण एकोणिसाव्या शतकभर ब्रिटनच्या बिअरचा आधार होऊन बसलं. सायडरवाल्या घराण्याची बिअरवर केवढी ही मेहेरबानी! याच रेव्हरंडांचा नातू म्हणजे लॉर्ड किचनेर, हिंदुस्थानचा सरसेनापती असताना कर्झनशी भांडलेला.

बिअरमध्ये सफकची दोन नावं मोठी. बरी सेंट एडमंड्सची ग्रीन किंग आणि साउथवोल्डची अ‍ॅडनम्स. दोन्ही घराणेदार, पण वाटा अगदी उलट गेल्या.

ग्रीन किंगची सुरुवात १७९९ची. संस्थापक बेंजामिन ग्रीन, कादंबरीकार ग्रॅहम ग्रीनचा पणजोबा. कंपनीच्या सुंदर इतिहासपुस्तिकांत बराच काळ एक गोष्ट तळटीपेतही नव्हती: या बेंजामिनचे वेस्ट इंडीजमध्ये उसाचे मळे होते, त्यांवर गुलाम राबत होते, आणि गुलामगिरी रद्द होऊ नये म्हणून त्यानं आपल्या मालकीच्या स्थानिक वर्तमानपत्रातून जोर लावला. गुलामगिरी गेली तेव्हा सरकारनं नुकसानभरपाई दिली, ती गुलामांना नव्हे, मालकांना, ग्रीनलाही मिळाली. २०२०मध्ये कंपनीनं याबद्दल जाहीर माफी मागितली. घराण्याच्या परंपरेचा अभिमान मिरवायचा तर वहीची सगळी पानं उघडावी लागतात, हे कंपनीला कळायला दोनशे वर्षं लागली.

१८८७मध्ये शेजारच्या किंग यांच्या ब्रूअरीशी विलीनीकरण झालं आणि आजचं जोडनाव आलं. मग ही कंपनी इतरांच्या ब्रूअऱ्या आणि पब विकत घेत सुटली. इतर गावांची जुनी स्थानिक नावं गिळणारी कंपनी म्हणून तिची ख्याती झाली. आणि २०१९मध्ये ती स्वतःच गिळली गेली. हाँगकाँगच्या ली का-शिंग घराण्याच्या सीके अ‍ॅसेट या कंपनीनं २.७ अब्ज पौंडांना ती विकत घेतली.

इथं जरा थांबायला हवं. सफकच्या किनाऱ्यावरचं फेलिक्स्टो हे ब्रिटनमधलं सर्वांत मोठं कंटेनर बंदर. तेही १९९१पासून याच लींच्या हचिसन समूहाकडे. मुंबईकरांना हे नाव आठवेल: एकेकाळच्या 'ऑरेंज' आणि मग 'हच' मोबाइलवाले हेच. पूर्व इंग्लंडभर वीज घरोघर पोचवणाऱ्या यूके पॉवर नेटवर्क्सची मालकी २०१०मध्ये याच घराण्याच्या कंपन्यांकडे आली, आणि सफकच्या काही भागाला पाणी पुरवणारी कंपनीही २०११पासून त्यांच्याकडेच. बिअर, बंदर, वीज, पाणी. तेव्हा सफकमधला सर्वांत मोठा 'फॅमिली बिझनेस' कुठला, असं कुणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर हाँगकाँगकडे बोट दाखवतं. 'घराण्याचा धंदा' या शब्दांना आपोआप चिकटणारा गोडवा इथं गळून पडतो. ली हेही घराणंच आहे, आणि चिवट आहे.

अ‍ॅडनम्सची गोष्ट लहान आणि मला जास्त आवडणारी. १८७२मध्ये जॉर्ज आणि अर्नेस्ट या अ‍ॅडनम्स भावांनी साउथवोल्डची ब्रूअरी घेतली. जॉर्जचं मन काही तिथं रमलं नाही; तो आफ्रिकेत गेला आणि तिथं त्याला मगरीनं खाल्लं, असं कंपनीच सांगते. अर्नेस्ट टिकला. त्यांची 'ब्रॉडसाइड' ही बिअर १६७२मध्ये साउथवोल्डसमोर इंग्रज आणि डच आरमारांत झालेल्या लढाईच्या आठवणीसाठी निघते. २००६पर्यंत गावातल्या पबांना पिंपं पोचवायला कंपनीची घोडागाडी होती. शेअर लहानशा बाजारात नोंदलेले, भागधारकांत आसपासचे लोक बरेच. अशा कंपनीला बाहेरचा कुणी सहज गिळू शकत नाही, पण तिला भांडवलही सहज मिळत नाही. कोविडनंतर पब ओस, वीज महाग, कर्ज वाढलेलं. २०२४मध्ये कंपनीला बाहेरचा पैसा शोधायला सल्लागार नेमावे लागले आणि विक्रीच्या बातम्याही फिरल्या. अखेर काही मालमत्ता विकून ती स्वतंत्र राहिली. 'नाही' म्हणायची किंमत असते आणि ती अशीच मोजावी लागते, कधी विटांत तर कधी जमिनीत.

आता लोखंड. शेतीच्या या मुलखात लोखंडाचे कारखाने कुठून आले, असं वाटेल. पण ते शेतीतूनच आले. रॉबर्ट रॅन्सम हा क्वेकर पंथाचा ओतारी १७८९मध्ये इप्सविचला आला. नांगराचा फाळ लवकर बोथट होतो हे शेतकऱ्याचं जुनं रडगाणं. १८०३मध्ये त्यानं फाळाची खालची बाजू ओततानाच झटकन थंड करून कडक करायची रीत काढली. वरची बाजू मऊ राहते, ती आधी झिजते, आणि खालची धार आपोआप तेज राहते. जमीन नांगरत जावी तसतसा फाळ स्वतःलाच पाजळत जातो. १८०८मध्ये त्यानं नांगराचे भाग सुटे आणि अदलाबदल करता येतील असे केले, म्हणजे मोडलेला तुकडा शेतकऱ्याला बांधावरच बदलता आला. १८३२पासून हेच रॅन्सम गवत कापायची यंत्रं करू लागले. नांगरातून निघालेला कारखाना म्हटलं की मराठी माणसाला किर्लोस्करवाडी आठवते. रॅन्सम ही त्या जातीची पेढी, शंभर वर्षं आधीची. शेतीची अवजारं १९८७मध्ये स्वीडिश कंपनीकडे गेली, गवतकापणी १९९८मध्ये अमेरिकेच्या टेक्सट्रॉनकडे.

पीझनहॉल या चिमुकल्या गावात स्मिथ घराणं सुमारे १८००पासून पाभरी बनवायचं. 'सफक ड्रिल' या नावानं त्या पार फ्रान्समध्ये खपल्या. १९६७मध्ये तोही कारखाना बंद झाला. त्याच गावातलं एमेट यांचं दुकान १८२०पासून काकवी आणि काळ्या बिअरमध्ये डुकराचं मांस मुरवतं. दुकानाचं नाव एमेट, पण एमेट घराण्याच्या हातून ते केव्हाच गेलं. गिऱ्हाइकाच्या ताटात मात्र तेच काळं हॅम येत राहिलं. धंदा घराण्याबाहेर गेला म्हणजे संपला असं मानणाऱ्यांनी या दुकानाचा विचार करावा. घेणाराही त्याच रस्त्यावर उभा राहून विकणार असेल तर फार बिघडत नाही.

लेस्टन गावचे गॅरेट हे या सगळ्यांत मला सर्वांत समृद्ध प्रकरण वाटतं. १७७८मध्ये विळे आणि कोयते घडवणाऱ्या लोहाराच्या भट्टीपासून सुरुवात. तिसऱ्या रिचर्ड गॅरेटनं १८५१चं लंडनचं महाप्रदर्शन पाहिलं, अमेरिकी कारखान्यांच्या पद्धती समजून घेतल्या आणि दुसऱ्याच वर्षी एक लांबच लांब शेड बांधली. वाफेचं इंजिन एका टोकाला सुरू व्हायचं आणि पुढं सरकत, दोन्ही बाजूंच्या सज्जांतून येणारे भाग अंगावर चढवत दुसऱ्या टोकाला पुरं व्हायचं. फोर्डच्या सरकत्या पट्ट्याच्या साठ वर्षं आधी! कामगार त्या शेडला 'कॅथीड्रल' म्हणत. १९१९मध्ये गॅरेट अनेक कंपन्यांच्या एका मोठ्या संघात सामील झाले, १९३२मध्ये तो संघ बुडाला आणि घराण्याच्या हातून कारखाना गेला. पुढं अर्धशतक तो दुसऱ्यांच्या मालकीखाली चालला आणि १९८०च्या सुमारास थांबला. शेडमध्ये आज संग्रहालय आहे. रॅन्सम विकले गेले, स्मिथ बंद पडले, पण गॅरेटांची चूक वेगळी होती: त्यांनी मोठं होण्यासाठी निर्णयाची दोरी दुसऱ्याच्या हाती दिली.

रिचर्डचा भाऊ न्यूसन कारखान्यात न राहता आल्डबराला गेला आणि कोळसा, सातूचा व्यापार करू लागला. आल्ड नदीकाठी स्नेप इथं त्यानं माल्टचे प्रचंड कोठार-कारखाने उभारले. त्याची मुलगी एलिझाबेथ हिला डॉक्टर व्हायचं होतं. कुठलंही वैद्यकीय महाविद्यालय बाईला दारात उभं करेना. न्यूसन आधी चिडला, मग मुलीच्या बाजूनं असा उभा राहिला की परीक्षेला बसू न देणाऱ्या संस्थेला कोर्टाची भीती घातली. १८६५मध्ये एलिझाबेथ गॅरेट पात्र डॉक्टर झाली. तिची धाकटी बहीण मिलिसेंट फॉसेट बायकांच्या मताधिकार चळवळीची पुढारी. एलिझाबेथ १८८३पासून लंडनच्या महिला वैद्यक महाविद्यालयाची डीन होती. १८८९मध्ये तिथं मुंबईहून एक विद्यार्थिनी आली: रखमाबाई. बालपणीचं लग्न नाकारून कोर्टात उभी राहिलेली. १८९४मध्ये ती डॉक्टर होऊन बाहेर पडली. सफकच्या सातूवर मिळवलेल्या पैशातून ज्या बापानं मुलीची पाठराखण केली, त्याच्या मुलीच्या महाविद्यालयात आपली रखमाबाई शिकली. माल्टच्या धंद्याचा असा ताळेबंद कुठल्या वहीत सापडणार नाही.

स्नेपचं माल्टिंग १९६५मध्ये बंद पडलं. दोनच वर्षांत संगीतकार बेंजामिन ब्रिटननं त्याच्या एका भागात संगीतसभागृह उघडलं. १९६९मध्ये ते जळालं, पुढल्याच वर्षी पुन्हा उभं राहिलं. माल्ट मात्र काउंटीतून गेलं नाही. स्टोमार्केटची मंटन्स ही १९२१ची कंपनी अजून कुटुंबाच्या मालकीची आहे आणि माल्ट जगभर पाठवते.

रेशमाचं थोडक्यात. लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये १७७३च्या कायद्यानं विणकरांची मजुरी ठरवून दिली, तेव्हा स्वस्त हातांच्या शोधात मालक माग घेऊन सडबरीला आले. म्हणजे गावाचा आजचा अभिमान हा मुळात मजुरी चुकवण्याच्या खटपटीतून आलेला. तरी तो टिकला. स्टीफन वॉल्टर्स ही १७२०ची पेढी. डायानाच्या लग्नाच्या पोशाखाचं रेशीम त्यांनी विणलं. गेन्सबरो ही १९०३ची. आज ब्रिटनमध्ये विणल्या जाणाऱ्या रेशमातलं बहुतांश या एका लहान गावात विणलं जातं. येवल्यात पैठणीचे माग चालतात तसं इथं टाय, अस्तरं आणि राजवाड्यांचे पडदे. गिऱ्हाईक थोडं, पण दुसरीकडे जाणार कुठं?

आता दुकानाकडे येऊ, कारण उत्पादक कितीही चांगला असला तरी त्याचा माल ठेवणारं फळकूट लागतं. १९९०च्या दशकाच्या शेवटी सॅक्समंडम या बाजारगावाजवळ टेस्को या सुपरमार्केट साखळीला मोठं दुकान टाकायचं होतं. त्याच भागात शेती करणाऱ्या लेडी कॅरोलाइन क्रॅनब्रुक यांनी नुसता विरोध करण्याऐवजी वही-पेन्सिल घेतली आणि भोवतालची गावं पालथी घातली. अन्नपदार्थांची ८१ दुकानं. त्यांना माल देणारे आसपासचे उत्पादक २९५. या यादीतून दिसलं ते असं: नवा चीजवाला, नवा मधवाला, नवा मांसवाला आपला पहिला माल कोपऱ्यावरच्या दुकानातच ठेवतो. आठ बरण्या घेऊन सुपरमार्केटच्या दारात उभं राहता येत नाही. कोपऱ्यावरचं दुकान गेलं की उद्याचा उत्पादक जन्मालाच येत नाही. टेस्कोची परवानगी नाकारली गेली. काही वर्षांनी क्रॅनब्रुकबाईंनी पुन्हा मोजदाद केली, तेव्हा पुरवठादार वाढून ३७० झाले होते. सफकच्या धंद्यांवर लिहिलेल्या सगळ्या मजकुरात ही मोजदाद मला सर्वांत कामाची वाटते. घराण्यांचे गोडवे गाणाऱ्या दहा पुस्तकांपेक्षा तिच्यातून जास्त कळतं. अर्थात गोष्ट तिथं संपली नाही. पुढं सॅक्समंडममध्ये टेस्कोही आलं आणि वेटरोज हे दुसरं सुपरमार्केटही.

तरीही नवे धंदे निघतात. ऑर्फर्ड इथं दुसऱ्या महायुद्धानंतर रिचर्ड पिनी यांनी बटली खाडीतल्या कालवांची शेती पुन्हा उभी केली. त्यांचं कुटुंब आजही ओकच्या धुरात मासे धुरवतं आणि स्वतःच्या खाणावळीत वाढतं. त्याच गावात २०१०मध्ये बाप-लेकीनं पंप स्ट्रीट बेकरी काढली. पुढं कोकोच्या बियांपासून चॉकलेटही करू लागले. बंगीजवळच्या फेन फार्मवर तिसऱ्या पिढीला दुधाच्या पडेल भावानं घेरलं होतं. त्यांनी फार्मच्या फाटकात न तापवलेल्या दुधाचं यंत्र बसवलं, मग फ्रान्सच्या माँबेलियार्ड जातीच्या गाई आणल्या आणि त्याच कच्च्या दुधाचं 'बॅरन बायगॉड' हे चीज काढलं. ते आज लंडनच्या नावाजलेल्या चीजदुकानांत असतं. दूधसंघाला लिटरमागे पेनी मागायच्या की स्वतःचा भाव स्वतः सांगायचा, हा फरक कोल्हापूर-सांगलीच्या गोठ्यात वेगळा समजवायला नको.

या पिढीपुढं आता दोन नव्या गोष्टी आहेत. एक म्हणजे साइझवेल. लेस्टनच्या शेजारी, गॅरेटांच्या शेडपासून काही मैलांवर, नव्या अणुवीज केंद्राला जुलै २०२५मध्ये अंतिम मंजुरी मिळाली. खर्च ३८ अब्ज पौंड. हजारो कामगार येणार, त्यांना पगार चांगला, आणि अरुंद रस्त्यांवर ट्रकांची रीघ. खानावळींना गिऱ्हाईक मिळेल, पण स्वयंपाकी टिकणार नाही. दुसरी गोष्ट वारसा कर. शेती आणि घरगुती धंद्यांना १९९२पासून या करातून पूर्ण सूट होती. ऑक्टोबर २०२४च्या अर्थसंकल्पात सरकारनं ती दहा लाख पौंडांपुरती ठेवली. त्यावरच्या मालमत्तेवर एप्रिल २०२६पासून २० टक्के. शेतकऱ्यांनी लंडनमध्ये ट्रॅक्टर आणले, आणि डिसेंबर २०२५मध्ये सरकारनं मर्यादा पंचवीस लाखांपर्यंत वाढवली. शेतकऱ्यांचा राग मला समजतो, पण पूर्ण पटत नाही. अ‍ॅस्पल, ग्रीन किंग, रॅन्सम यांतलं कुणीही वारसा करामुळे विकलं गेलं नाही. ते विकले गेले कारण समोरच्यानं रक्कम चांगली देऊ केली, किंवा कारण धंदा पुढं न्यायला भांडवल उरलं नव्हतं.

शेवटी, ब्रिटनमधल्या मराठी वाचकांसाठी एक कामाची गोष्ट. सफकमध्ये हेल्सवर्थच्या बाजूला हॉडमेडॉड्स नावाची लहान कंपनी आहे, २०१२ची. घराण्याची नाही; तीन मित्रांनी काढलेली. त्यांच्या लक्षात आलं की फावा हे कडधान्य इंग्लंडच्या मातीत लोहयुगापासून पिकतं, पण इंग्रज माणूस ते खात नाही. जनावरांना घालतो किंवा इजिप्तला पाठवतो. त्यांनी ते स्थानिक शेतकऱ्यांकडून घेऊन भरडायला आणि पाकिटात विकायला सुरुवात केली; पुढं इंग्लंडमध्ये मसूरही पिकवून घेतला. लेस्टर, स्लाव, हॅरोच्या मराठी घरांत महिन्याचं वाणसामान भरताना तूरडाळीबरोबर भरडलेल्या फावाचं एक पाकीट घेऊन पाहा. ही डाळ भिजवावी लागत नाही, पाऊण तासात मऊ शिजते. वर मोहरी-जिरं, हिंग आणि लसणाची फोडणी घाला.